वर जाणारा वारा

१

जेवण झालं की बारक्या गोदामाचं शटर जमिनीला टेकेपर्यंत खाली ओढायचा. वरच्या झडपेच्या फटींत कोंबलेल्या चिंध्या जागेवर आहेत ना ते बघायचा, पंख्याचं बटण बंद असल्याची खात्री करायचा आणि मग फाटक्या कापडांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून सुईत दोरा ओवायचा. आत नुसती भट्टी. वर पत्रा तापलेला, चारी भिंतींना मंडपाची कापडं गठ्ठे करून रचलेली, आणि मधे हा घामाने निथळत बसलेला. एकदा मालकांनी शटर वर करून बघितलं आणि म्हणाले, "अरे, माणूस आहेस का अंडं? स्वतःलाच उबवत बसलायस." बारक्याने मान वर केली नाही. वाऱ्याशी त्याने बोलणं टाकलं होतं.

दादा गेला त्याला फार दिवस झाले नव्हते. घरी खुंटीवरच्या त्याच्या शर्टाला अजून त्याचाच वास येत होता.

मंडप उभारताना सगळ्यात वाईट वेळ एकच असते. छताचं मोठं कापड बांबूंच्या सांगाड्यावर चढवून झालेलं असतं, पण त्याचे कोपरे खुंट्यांना बांधायचे राहिलेले असतात. तेवढा वेळ एकेका कोपऱ्याचा दोर एकेका माणसाच्या हातात असतो. नेमका तेव्हाच वारा घुसला तर कापडाचं पोट फुगतं आणि ते माणसांना ओढायला लागतं. त्यासाठी नियम ठरलेला आहे. मुकादमाने 'सोडा' म्हटलं की विचार करायचा नाही, शेजारच्याकडे बघायचं नाही, हातातला दोर सोडून मोकळं व्हायचं. सगळ्यांनी, एकदम. एकाने जरी धरून ठेवला तरी आख्खं कापड त्या एकाच्या वाट्याला येतं.

मुकादम दादाच होता.

त्या दिवशी कारखान्यामागच्या मैदानात झाडाचं पान हलत नव्हतं. हवा इतकी पडलेली की बिडीचा धूर सरळ दोऱ्यासारखा वर जात होता. बारक्या दादाच्या समोरच्या कोपऱ्यावर होता. आधी त्याला दिसले ते चहा पिऊन टाकलेले कागदी कप. ते उठून उभे राहिले आणि एकामागून एक, गोल गोल, रांगेत फिरायला लागले. बारक्याला हसूच आलं. दादाला दाखवावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि धूळ उठली, आणि कापड वर गेलं.

"सोडा रे," दादा ओरडला.

सगळ्यांनी सोडलं. बारक्यानेही सोडलं. दादाने नाही.

तो विजेच्या खांबाच्याही वर गेला होता. कारखान्याच्या भिंतीपलीकडे, रस्त्यावर पडला. वारा तोवर नाहीसा झाला होता. कापडाला मात्र खाली यायला फार वेळ लागला. हवा पडली तरी ते वरच्या वर तरंगत होतं, कुणीतरी सावकाश त्याची घडी घालत असल्यासारखं.

आणि एक गोष्ट बारक्याने कुणालाच सांगितली नव्हती. जमीन सुटली की माणूस खाली बघतो. दादा वर बघत होता.

तर त्या दुपारी बारक्याने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला, आणि समोर बघितलं. समोरच्या बांबूवर एक लाल कनात वाळत टाकली होती. मंडपाच्या बाजूला लावतात तो जाड पडदा. तिचा खालचा कोपरा वर उचललेला होता. हलत नव्हता, फडफडत नव्हता. नुसता वर धरलेला होता, पलीकडून कुणाला तरी आत येऊ द्यायचं असावं तसा.

२

"उंदीर असेल," उंट म्हणाला.

हा उंट म्हणजे दादाच्या टोळीतला गडी. ताडमाड उंच, चालताना मान पुढे काढणारा. साइटवरून परत आलेले बांबू टाकायला तो आला होता आणि बारक्याने आल्या आल्या त्याला कनातीपुढे नेऊन उभं केलं होतं.

"उंदीर कापड वर धरून उभा राहतो का?"

"इथला राहत असेल. मालक कामावर ठेवताना अक्कल कुठे विचारतो. तुला नाही का ठेवलं."

"उंट, मी चेष्टा करत नाहीये."

"बरं बाबा." उंटाने एक बोट तोंडात घालून ओलं केलं आणि हवेत धरलं. वारा कुठून येतो ते कळण्यासाठी टोळीतले सगळे असंच करायचे. त्याने ते बोट कनातीजवळ नेलं, झडपेखाली नेलं, शटरच्या फटीशी नेलं. "काही नाही. इथे मेणबत्तीसुद्धा हलायची नाही. बारक्या, तू श्वास कसा घेतोस रे इथे?"

कनात शहाण्या पोरासारखी सरळ लोंबत होती.

दोघांनी मिळून बांबू रचले. उंट सांगत होता की साइटवर नवा मुकादम आलाय, त्याला दादासारखी गाठ मारता येत नाही, पण तंबाखू चांगली आणतो. "तू परत ये," तो म्हणाला. "इथे बसून डोकं नासेल तुझं."

"तू दादाच्या शेजारच्या कोपऱ्यावर होतास ना?"

उंटाने नुसता पुढचा बांबू उचलला.

"दोर त्याच्या मनगटाला गुंडाळला होता?"

"वहिनीला तसंच सांगितलंय ना सगळ्यांनी."

"मी वहिनी नाहीये."

उंटाने हातातला बांबू खाली ठेवला. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"गुंडाळला नव्हता. मुठीत होता. बोटं उघडली असती तर सुटला असता. मी हाक मारली त्याला, तोंड फाटेस्तोवर. इतका जवळ होतो की त्याच्या चपलेचा तळवा दिसत होता मला. पण त्याला आमचं कुणाचं ऐकूच येत नव्हतं, बारक्या. दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत असल्यासारखं तोंड होतं त्याचं."

बारक्याने शेजारची खुंट्या ठोकायची लाकडी मोगरी उचलली आणि बांबूंच्या ढिगावर हाणली. पुन्हा हाणली. रचलेला ढीग गडगडत खाली आला आणि उंट बाजूला उडी मारून उभा राहिला. तो रागावला नाही. त्याने एकेक बांबू परत जागेवर लावला, बारक्याच्या डोक्यावर टपली मारली आणि निघाला.

शटर खाली आलं. उंटाच्या चपलांचा आवाज लांब गेला. मग कनातीचा कोपरा हळूहळू वर झाला, पाहुणा जाईपर्यंत श्वास रोखून धरला असावा तसा.

३

बारक्या सहावीतून शाळा सोडलेला, पण कापड आणि हवा यांचं त्याला कळत होतं. पत्रा तापतो, गरम हवा वर जाते, खालून गार हवा तिच्या जागी सरकते. त्यात कोपरा उचलला जात असेल. नक्कीच तसं असणार. एवढं ठरवल्यावर त्याला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचाच राग आला. हवा कुठून सरकते ते एकदा सापडलं की तिथेही चिंध्या कोंबायच्या, असं म्हणून त्याने शिवायच्या दोऱ्याचे लांब लांब तुकडे तोडले आणि गोदामभर लटकवले. प्रत्येक कोपऱ्यात, गठ्ठ्यांच्या मधल्या बोळात, शटरजवळ, झडपेखाली. मग येऊन स्टुलावर बसला आणि वाट बघू लागला.

आधी शटरजवळचा दोरा कलला. म्हणजे शटरच. तो उठणार तेवढ्यात झडपेखालचा कलला. मग मागच्या भिंतीचा. मग सगळेच. कुणी फार नाही, उभ्या माणसाने जरा पुढे वाकावं तेवढेच. चारी बाजूंचे दोरे गोदामाच्या मधोमध वाकले होते, जिथे बारक्याचं स्टूल होतं.

त्याने स्टूल उचललं आणि शटरला पाठ लावून बसला. दोरे जरा लोंबकळले. मग वर्गात मास्तर फिरतात तशा पोरांच्या माना फिरतात, तसे एकामागून एक त्याच्याकडे वळले.

बारक्याने हिशेब केला. वारा सगळीकडून माझ्याकडे येतोय. मग माझ्यापर्यंत येऊन तो जातो कुठे? खाली फरशी आहे. मागे शटर आहे. सगळीकडून येणाऱ्याला परत जायला बाजूच उरत नाही. एकच उरते.

त्याने वर बघितलं नाही. मान आखडल्यासारखी झाली. आणि तेव्हाच त्याला जाणवलं की छातीवरचं ओझं गेलंय. दादा गेल्यापासून तिथे एक दगड बसला होता. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो जागा व्हायचा, जेवताना घशात यायचा. आता तो नव्हता. खांद्यांना, हातांना वजनच नव्हतं. चपलांमध्ये पाय सैल झाले होते. लहानपणी दादा काखेत हात घालून उचलायचा, त्या वेळी जमीन सुटायच्या आधी एक क्षण अंग असं व्हायचं.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कुणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवला आणि दोरे खाली पडले. दगड परत येऊन छातीवर बसला, पहिल्यापेक्षा जड.

बारक्या उठला तेव्हा त्याला दिसलं की फरशीवरची सगळी धूळ, चिंध्यांचे तंतू, दोऱ्यांची तुटकी टोकं, सगळं त्याच्या स्टुलाभोवती गोलाकार येऊन थांबलं होतं. वर्तुळाच्या आतली फरशी पुसून काढल्यासारखी लख्ख होती.

४

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आईवडील बारक्याला आठवतसुद्धा नव्हते. दादाने वाढवलं, आणि पुढे वहिनीने. ती लग्न होऊन आली तेव्हा हा चड्डीत होता, नाक पुसायची अक्कल नव्हती, आणि ती त्याला "अहो भाऊजी, जेवायला चला" म्हणायची. तेव्हा चेष्टेत सुरू झालेलं ते 'अहो' तसंच राहिलं. हा मात्र तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करायचा. मालकांकडच्या झालरी घरी आणून ती मशीनवर शिवायची, आणि दादा गेल्यावर चौथ्या दिवशीच ती परत मशीनवर बसली होती.

"हात धुवा, ताट वाढते."

"भूक नाही."

"भूक नाही म्हणे. डबा तसाच परत आलाय. मी काय भिंतींसाठी रांधते का?"

"तू जेवलीस?"

"माझं सोडा. मी बसून असते, मला कुठे लागते भूक."

खोलीची खिडकी बंद होती आणि तिच्या फटींत कापडाच्या पट्ट्या घट्ट बसवलेल्या होत्या. आपल्याला वारा सोसत नाही म्हणून वहिनीने हे केलं, असं बारक्याला वाटायचं. त्याबद्दल तिला काहीतरी चांगलं बोलावं असंही त्याच्या मनात यायचं, पण तोंडाशी यायचं नाही.

"आईचा निरोप आलाय," ताट पुढे ठेवत ती म्हणाली. "माझा भाऊ रविवारी न्यायला येतो म्हणतोय."

बारक्याने ताट सरकवलं. "जा मग."

"असं बोलायचं?"

"कसं बोलू? तुझं माहेर आहे, तू जा. मला काय, मी गोदामात पडून राहीन. कापडं आहेत पांघरायला."

"मी नको म्हणून कळवलंय." झालरीतून निघालेला एक दोरा ती बोटाला गुंडाळत होती. "हे घर सोडून मला नाही जाता येणार."

बारक्याला इतकं बरं वाटलं की त्याने ताट परत ओढलं आणि खाली मान घालून सगळं संपवलं. का नाही जाता येणार, हे त्याने विचारलं नाही. आपल्यासाठीच ती राहिली, दुसरं कशासाठी राहणार? या जगात त्याच्या नावाने ताट वाढणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं, आणि ते राहतो म्हणत होतं.

"भाऊजी, एक विचारू?"

"हं."

"दोर मनगटाला गुंडाळलाच होता ना?"

"होय."

"नक्की?"

"सांगितलं ना एकदा."

तिने मान हलवली. मुलाने चुकीचं उत्तर दिलं आणि ते का चुकलं हेही कळलं, की शाळेतल्या बाई हलवतात तशी. मग रिकामं ताट उचलून ती आत गेली.

बारक्या पाणी पिता पिता थांबला. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. वहिनी चालताना टाच आपटायची. दादा चिडवायचा, "आली हत्तीण, खालच्यांचा पंखा पडेल." ती चिडून आणखी आपटायची. आत्ता आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, नळाचा आला, फडताळ उघडल्याचा आला. पावलांचा आला नाही.

वाळलीय, त्याने स्वतःला सांगितलं. खात नाही, वजन उतरलंय. दुसरं काय.

५

गोदामातली कामं तुंबली. बारक्या रोज ठरवायचा की आज शटर उघडं ठेवायचं, आणि रोज जेवणानंतर ते खाली ओढायचा. आता चिंध्यांची खात्री तो वेगळ्याच कारणासाठी करायचा. शटर थोडं जरी उघडं राहिलं तर ते यायचं नाही.

दारू पिणाऱ्याला कळतं तसं त्यालाही कळत होतं की हे बरं नव्हे. पण दिवसभर तो दगड वागवायचा आणि दुपारी घटकाभर तो कुणीतरी उतरवून घ्यायचं. कोण, हा प्रश्न त्याने लांबच ठेवला होता. कधी वाटायचं दादाच असेल. तसं वाटलं की डोळे भरून यायचे आणि तो मोठ्याने बोलायचा, "दादा, तू का नाही सोडलास रे?" दोरे फक्त थोडे जास्त वाकायचे.

एके दिवशी मालक आले. त्यांनी फाटक्या कापडांचा ढीग बघितला, तो होता तसाच होता.

"बारक्या, मी तुला मुकादमाचा भाऊ म्हणून ठेवलं. दुःख आहे, मान्य आहे. पण कापड शिवलं जात नाही आणि तू वाळत चाललायस. उद्यापासून साइटवर ये. माणसांत ये."

"येत नाही."

"काय करतोस तू इथे?"

"शिवतो."

मालकांनी त्याच्याकडे बघितलं. मग लटकलेल्या दोऱ्यांकडे. जाताना शटर अर्धं वर ठेवून गेले आणि बारक्याने ते त्यांची पाठ वळताच खाली ओढलं.

त्या दुपारी तो स्टुलावर बसला नाही. मधोमध उभा राहिला आणि डोळे मिटले. वारा आला. त्याचा कानाला आवाज नव्हता, फक्त मानेवरचे केस कळत होते. ते खालून वर जात होते. दगड उतरला, खांदे उतरले, टाचा उचलल्या गेल्या. चवड्यांवर उभा असल्यासारखं वाटत होतं, मग तेही पुरतं वाटेना. कुणीतरी कौतुकाने आपल्याकडे वरून बघतंय असं वाटलं. इतकं गोड कुणी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मग डोक्याला काहीतरी घासलं. त्याने डोळे उघडले. वरच्या आडव्या बांबूवरच्या कनातीची घडी त्याच्या कपाळाला लागली होती. एरवी ती काढायला त्याला स्टुलावर चढावं लागायचं.

आणि त्याचा उजवा हात डोक्यावर होता, कोपरात ताठ, बोटं उघडी. हात वर केल्याचं त्याला आठवत नव्हतं. बोटांच्या टोकांना गार लागत होतं. बोटं हळूहळू मिटायला लागली होती, आणि मिटता मिटता त्यांना कळलं की मधली जागा रिकामी नाही.

बारक्याने डाव्या हाताने बांबू धरला आणि सगळं अंग खाली ओढलं. तो फरशीवर आपटला, गुडघा फुटला, तसाच सरपटत जाऊन त्याने शटर वर फेकलं. ऊन आत आलं. रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. कुठे काही नव्हतं.

तो तिथेच उंबऱ्यावर बसून राहिला, धापा टाकत. दादाने का सोडलं नाही ते त्याला आता कळलं होतं. त्या हातातून हात काढून घ्यायला जीव होत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली, इतकी सरळ की इतके दिवस दिसली कशी नाही याचं त्याला नवल वाटलं. खिडकीच्या फटींतल्या त्या पट्ट्या. न वाजणाऱ्या टाचा.

गोदाम उघडं टाकून तो पळत सुटला.

६

गल्लीत हवा पडलेली होती. दोरीवरचे कपडे लाकडासारखे. बारक्या जिना चढला. पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी रेडिओ चालू होता, दुसऱ्यावर एक बाई दारात भाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, "काय झालं रे गुडघ्याला?" तो थांबला नाही.

तिसऱ्या मजल्यावर आल्यावर थांबला. मशीनचा आवाज नव्हता. दार बंद होतं.

जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवरून धूळ सरकत होती. बारीक धूळ, एक बसचं जुनं तिकीट, केसांचा गुंता, बिस्किटाच्या पुड्याचा तुकडा. सगळं मुकाट्याने, मुंग्यांसारखं, दाराच्या दिशेने चाललं होतं आणि खालच्या फटीतून आत जात होतं.

"वहिनी."

त्याने दार ठोठावलं, मग खांदा मारला. कडी जुनी होती. तिसऱ्या धक्क्याला निघाली.

मशीनवर झालर अर्धी शिवून टाकलेली होती. रिळांचे सगळे दोरे सुटून हवेत आडवे झाले होते, खोलीच्या मधोमध. तिथे वहिनी होती. तिच्या गाऊनची कड घोट्यांभोवती सावकाश फिरत होती. पाय फरशीच्या वर होते. फार नाही. एक पुस्तक खाली सरकवता आलं असतं एवढेच. चेहरा वर होता आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा त्यावर हसू होतं.

बारक्याने झडप घालून तिचं मनगट धरलं. ते इतकं हलकं होतं की त्याला वाटलं आपण रिकामी बाहीच धरली. त्याने एक पाय मशीनच्या लोखंडी पायात अडकवला आणि ओढलं. ती खाली आली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "हात सोडा."

"खाली ये."

"दुखतंय मला. सोडा हात."

"तू खाली ये आधी."

"खोटं सांगितलंत तुम्ही. दोर गुंडाळला नव्हता. त्यांनी आपणहून धरला होता." ती रागावलेली नव्हती. "मला कळलंय. त्यांनीच सांगितलं."

बारक्या तिच्याकडे बघत होता आणि आत्ता कुठे त्याला तिचा दुसरा हात दिसला. तो डोक्याच्या वर ताणलेला होता, मूठ मिटलेली. मूठ रिकामी असती तर पूर्ण मिटली असती. ही अर्धवट होती. आणि तिच्या हाताच्या पाठीवर कातडी जागोजागी दबून पांढरी पडली होती, वरून कुणीतरी घट्ट पकडल्यासारखी.

दादाचे हात त्याला पाठ होते. दोर ओढून ओढून बोटं केळ्यासारखी जाड झालेली. या खुणा बारीक होत्या, सुतळीएवढ्या, आणि लांब, मनगटाला वळसा घालून खाली उतरलेल्या. त्या पाच नव्हत्या. एका हाताला असतात त्याहून त्या पुष्कळ जास्त होत्या.

"वहिनी, तो दादा नाहीये."

"मग दुसरं कोण येणार माझ्याकडे?" ती म्हणाली, आणि हे तिने अगदी साधेपणाने विचारलं. दिवसभर या खोलीत ती आणि मशीन. तो स्वतः घरी यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. कोण होतं तिच्याकडे यायला?

"मी आहे ना," तो म्हणाला. "मी येईन. लवकर येत जाईन रोज. वहिनी, ऐक ना. मी बोलत जाईन तुझ्याशी."

तिने खाली बघितलं. क्षणभर ती नेहमीची वहिनी होती, डोळ्यांत पाणी, त्याच्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघणारी. "रक्त येतंय," ती म्हणाली. मनगटात जरासं वजन आलं. बारक्याने ते दोन्ही हातांनी पकडलं.

मग तिने मान परत वर केली, आणि दादाशी बोलताना काढायची त्याच आवाजात, जरा लाजत, जरा दटावत म्हणाली, "अहो, थांबा जरा. भाऊजी आलेत."

दोरे एकदम वळले. सगळे. बारक्याकडे.

मशीन फरशीवरून करकरत पुढे सरकलं. त्याचा अडकवलेला पाय निसटला. छातीवरचा दगड कुणीतरी उचलला, हळूच, झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तसा. मानेवरचे केस उभे राहिले आणि वरून ते कौतुकाचं बघणं त्याच्यावर आलं. आता सोडलं तर तो एकटा खाली राहील. हे घर, ही खुंटी, तो शर्ट, आणि एक ताट. धरलं तर.

त्याने धरलं. तिच्या मनगटाभोवती बोटं बोटांत अडकवली आणि डोळे खाली ठेवले. वर अजिबात बघायचं नाही, तो म्हणत राहिला, मोठ्याने की मनात ते त्यालाही कळलं नाही, वर बघायचं नाही. तो फरशीकडे बघत राहिला, जिथे त्याच्या उजव्या पायाचा अंगठा अजून टेकलेला होता.